घाटीची हालचाल मोजताना : प्रकल्प नोंदी, सांगली-मिरज

८ जानेवारी २०२५, बुधवार

मिरजेच्या एका रुग्णालयातील वाचोपचारतज्ज्ञ मॅडमशी आज पहिली सविस्तर बैठक झाली. गिळण्याच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येणाऱ्यांत अर्धांगाचा झटका येऊन गेलेले, कंपवाताचे आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया वा किरणोपचार झालेले रुग्ण प्रामुख्याने असतात. आपल्या भागातील तंबाखू आणि मिश्रीचे प्रमाण पाहता या तिसऱ्या गटाविषयी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. त्यांची नेहमीची तपासणी हातानेच होते. तर्जनी हनुवटीखाली, मधले बोट हायॉइड हाडावर (जिभेच्या मुळाशी असलेले हाड), अनामिका घाटीच्या (स्वरयंत्राचा गळ्यावर दिसणारा उंचवटा) वरच्या कडेवर आणि करंगळी खालच्या कडेवर ठेवून रुग्णाला गिळायला सांगायचे आणि कोणत्या बोटाखाली काय, कधी आणि किती हलले ते जाणून घ्यायचे. "माझ्या बोटांना कळतं, पण केसपेपरवर मी 'कमी' किंवा 'मंद' एवढंच लिहू शकते, आणि दोन महिन्यांनी तो 'मंद' केवढा होता ते मलाच आठवत नाही," असे त्या म्हणाल्या. प्रकल्पाचे उद्दिष्ट मी याच वाक्यावरून लिहून घेतले: बोटांना जाणवणारी ही हालचाल कागदावर उतरावी, आणि त्याच रुग्णाच्या दोन महिन्यांनंतरच्या हालचालीशी ती ताडून पाहता यावी.

संध्याकाळी शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना विषय समजावून सांगितला. घास किंवा घोट जिभेने मागे ढकलल्यावर पुढचा सगळा प्रकार जवळपास एका सेकंदात उरकतो: हायॉइड हाड वर आणि पुढे ओढले जाते, त्याला स्नायूंनी आणि पडद्याने टांगलेले स्वरयंत्र त्याच्यामागे साधारण दोन ते तीन सेंटिमीटर वर चढते, त्यावरचे झाकण मागे लवते, श्वास थांबतो, आणि एरवी घट्ट मिटलेले अन्ननलिकेचे वरचे तोंड याच ओढीमुळे उघडते. हायॉइड हे शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने न जोडलेले हाड आहे, हे ऐकून दोघांनीही आपापला गळा चाचपून पाहिला. हे चढणे अपुरे पडले किंवा उशिरा झाले, तर पाणी श्वासनलिकेकडे वळते. आपण ज्याला ठसका म्हणतो तो त्यावरचा पहारेकरी. मात्र काही रुग्णांत हा पहारेकरीच झोपलेला असतो आणि पाणी फुप्फुसाकडे गेले तरी खोकला येत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले आहे आणि प्रकल्प संपेपर्यंत ते पुसायचे नाही असे दोघांना सांगितले आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

नीतिमत्ता समितीकडे द्यायच्या संमतिपत्रकाचा मराठी मसुदा आज तिसऱ्यांदा बदलला. पहिल्या मसुद्यात 'स्वरयंत्राची ऊर्ध्व हालचाल' असे होते. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या चार जणांना ते वाचायला दिले, तेव्हा एकालाही कळले नाही. 'गिळताना तुमची घाटी वर-खाली होते, ती किती वेळात होते ते आम्ही गळ्यावर मऊ पट्टा बांधून मोजू' असे लिहिल्यावर कोणालाही शंका उरली नाही. मुंबईत वाढलेल्या विद्यार्थ्याला मात्र 'घाटी' हा शब्द संमतिपत्रकात छापण्याचा फार संकोच वाटत होता. त्याच्याकडे तो शब्द वेगळ्याच अर्थाने, आणि बहुधा आपल्यासारख्यांनाच उद्देशून वापरला जातो. कंठमणी हा पर्याय त्याने सुचवला. कंसात तोही ठेवला आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला संवेदक पायझो चकतीचा. २७ मिलिमीटर व्यासाची ही पितळी चकती दाबली किंवा वाकवली की तिच्यावर विद्युतभार निर्माण होतो. सांगलीतल्या दुकानात त्या दिवशी नव्हत्या, म्हणून विद्यार्थी मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेले, कारण सतारीला आणि तंबोऱ्याला पिकअप म्हणून हीच चकती चिकटवतात. तिथल्या कारागिरांनी ती गळ्यावर लावणार हे ऐकून "मग गळ्याची जवारीबी काढून द्या म्हणावं" असा शेरा मारला (जवारी काढणे म्हणजे वाद्याची घोडी घासून तारेचा नाद खुलवणे), आणि चकती चिकटवताना हवेचा बुडबुडा राहू न देण्याची जी युक्ती सांगितली ती आमच्या पुस्तकात नव्हती.

निकाल मात्र निराशाजनक होता. मी स्वतः पाणी गिळताना पडद्यावर दोन-चार अणकुचीदार टोके दिसत, परंतु घाटीचे संथ चढणे आणि उतरणे त्यात कुठेच नव्हते. दोन तास मांडणी तपासल्यावर कारण सापडले, आणि ते आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. चकतीची धारिता (भार साठवण्याची क्षमता) सुमारे २० नॅनोफॅरड, आणि तिच्या समांतर आम्ही लावलेला रोध १ मेगाओहमचा. या जोडीचा कालांक (साठलेला भार ओसरायला लागणारा वेळ) फक्त २० मिलिसेकंद येतो, म्हणजे सुमारे ८ हर्ट्झच्या खालचे सगळे काही आलेखात येण्याआधीच ओसरून जाते, आणि गिळण्याची हालचाल तर एक-दोन हर्ट्झच्या आसपासची. जे मोजायचे तेच आम्ही गाळून टाकत होतो. रोध १० मेगाओहमचा केला, मध्ये अत्यल्प प्रवाह घेणारा प्रवर्धक बसवला, आणि मर्यादा ०.८ हर्ट्झवर आली. आता प्रत्येक गिळण्याला एक चढ आणि एक उतार स्पष्ट दिसतो.

ट्यूबलाइट लावली की आलेखावर ५० हर्ट्झची दाट लव उगवते. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवल्यास ती बरीच कमी होते. रुग्णाच्या अंगाला चिकटलेले कोणतेही उपकरण भिंतीतल्या विजेला जोडलेले नसावे हा नियम सुरक्षिततेसाठी आम्ही आधीच केला होता. त्याचा हा दुसरा फायदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पायझो बाद केला. मॅडमनी आज मेंडेलसन पद्धतीचा व्यायाम करून दाखवला: गिळताना घाटी सर्वांत वर गेली की तिला स्नायूंच्या जोरावर दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचे आणि मग सोडायचे. अन्ननलिकेचे तोंड जास्त वेळ उघडे राहावे यासाठी हा व्यायाम देतात. त्यांच्या बोटाला घाटी वर धरलेली जाणवत होती, आणि आमच्या पडद्यावरची रेषा मात्र अर्ध्या सेकंदातच शून्याकडे घसरली होती. १० मेगाओहम असो की १००, पायझो बदल सांगतो, स्थिती सांगत नाही. ज्या व्यायामात 'धरून ठेवले' हेच पाहायचे आहे, तिथे घसरणारी रेषा रुग्णाला दाखवणे म्हणजे त्याने बरोबर केलेले चुकले असे सांगणे होय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवी मांडणी अशी. नवजात बाळाचा रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यातील रबरी पिशवी बाहेर काढून ती घाटीच्या वरच्या कडेवर बसेल अशा मऊ इलॅस्टिकच्या पट्ट्यात शिवली. तिची नळी ० ते १० किलोपास्कल मोजणाऱ्या दाबसंवेदकाला जोडली. हा संवेदक एका किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट देतो, आणि आमच्या दहा बिटांच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर (व्होल्टचे आकड्यांत रूपांतर करणारे सर्किट) एक पायरी, म्हणजे ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, साधारण ११ पास्कलची पडते, जी या कामाला पुरेशी आहे. वाचन सेकंदाला १०० वेळा. पिशवीत सुरुवातीचा दाब १ किलोपास्कलच्या आत ठेवायचा, म्हणजे पाऱ्याच्या साडेसात मिलिमीटरएवढा. पट्टा बांधला आहे हे रुग्णाला जाणवावे, आवळला आहे असे वाटू नये. पिशवी गळ्याच्या मध्यरेषेवरच बसावी आणि बाजूंना भार येऊ नये याबद्दल मी आग्रही आहे. घाटीच्या वरच्या कडेच्या पातळीलाच दोन्ही बाजूंना कॅरोटिड सायनस (मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीतली, रक्तदाब ओळखणारी जागा) असतो, आणि तिथे दाब पडल्यास नाडी मंदावून वृद्ध माणसाला चक्कर येऊ शकते. पट्ट्याच्या बाजूचे भाग त्यासाठी मुद्दाम सैल शिवून घेतले. हे शिवणकाम विद्यार्थिनीच्या आईने केले आणि आमच्या तिन्ही नमुन्यांपेक्षा नीटनेटके केले.

व्यायामाची रेषा आता वर जाऊन वरच राहते.

१८ मार्च, मंगळवार

निरोगी स्वयंसेवकांच्या चाचण्या सुरू आहेत, आणि उंचीच्या मोहातून बाहेर पडायला मला दोन आठवडे लागले. विद्यार्थ्यांनी प्रत्येकाच्या आलेखाची उंची मोजून तक्ता केला होता, आणि त्यात पुरुषांची घाटी स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त 'हलते' असे दिसत होते. हालचालीचा त्यात काही भाग नाही. घाटीचा उंचवटा जिच्यामुळे दिसतो त्या थायरॉइड कूर्चेच्या दोन पाती पुरुषांत साधारण ९० अंशांच्या कोनात मिळतात आणि स्त्रियांत साधारण १२० अंशांच्या. म्हणून पुरुषाची घाटी टोकदार असते आणि पिशवीला जास्त ढोसते. त्यात मानेवरची चरबी, पट्टा बांधण्याचा घट्टपणा, दाढी आणि घाम यांची भर पडते. त्याच माणसाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला तरी उंची बदलते, आणि हे मी स्वतःवर सलग पाच वेळा करून पाहिले.

वेळ मात्र बदलत नाही. दाब वाढायला सुरुवात, शिखर, उतरायला सुरुवात आणि मूळ पातळीवर परतणे हे चार क्षण पट्टा थोडा वर-खाली झाला तरी एकमेकांपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर राहतात. आजपासून उंचीचा रकाना तक्त्यातून काढून टाकला आहे. एका माणसाची उंची दुसऱ्याच्या उंचीशी ताडायची नाही. त्याच्या वेळा त्याच्याच मागच्या वेळांशी ताडायच्या. विद्यार्थ्याने हरकत घेतली की अहवालात मिलिमीटरचे आकडे नसतील तर परीक्षक नाराज होतील. तसे होईलही.

३ एप्रिल, गुरुवार

पाण्याच्या घट्टपणाचा प्रश्न. रुग्णाला ज्या ज्या घट्टपणाचे द्रव देऊन पाहायचे तो दर वेळी सारखा असला पाहिजे, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीत साधी सिरिंजची चाचणी आहे: १० मिलिलिटरची सिरिंज भरून खालचे तोंड १० सेकंद उघडायचे आणि किती उरले ते पाहायचे. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पातळी शून्य, १ ते ४ उरले तर पहिली, ४ ते ८ उरले तर दुसरी, आणि ८ च्या वर उरले, पण थेंब गळतच राहिले तर तिसरी. दोन दिवस आमचे आकडे रुग्णालयातल्या आकड्यांशी जुळेनात. शेवटी पट्टी घेऊन सिरिंज मोजली. शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांचे अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली सिरिंज या चाचणीला लागते. आमची औषधाच्या दुकानातली सिरिंज आखूड आणि जाड होती. आता योग्य सिरिंजच्या डब्यावर लाल शाईने लिहून ठेवले आहे.

मॅडमचे म्हणणे असे की पाणी घट्ट करण्याची विकतची पावडर सगळ्यांना परवडत नाही, म्हणून तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मोडलेले ताक यांच्यावरही चाचणी करावी. केली. पेज गार होता होता घट्ट होत जाते आणि तोंडात घोळवली की लाळेतल्या पाचक रसाने पुन्हा पातळ होते, त्यामुळे वाटीतली तिसरी पातळी घशापर्यंत तिसरी राहील याची खात्री नाही. आंबिलीचे प्रत्येक घरचे माप निराळे निघाले. हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे, इथे थांबतो.

१७ एप्रिल, गुरुवार

गिळताना श्वास थांबतो, आणि बहुतेक निरोगी माणसे गिळून झाल्यावर श्वास आत न घेता बाहेर सोडतात. हा क्रम उलटला तर घशात उरलेले थेंब आत ओढले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून नाकपुडीखाली लहान थर्मिस्टर (तापमान ओळखणारा संवेदक) बसवून श्वासाची रेषा घाटीच्या रेषेखाली आणायचे ठरले. बाहेर पडणारी हवा कोमट, आत येणारी गार, या फरकावर तो चालतो. सकाळी नऊ वाजता सुंदर लाटा मिळाल्या. दुपारी दोनला लाटा जवळजवळ सपाट झाल्या. दोन थर्मिस्टर बदलले, तारा बदलल्या, आणि मग भिंतीवरच्या तापमापकाकडे लक्ष गेले: खोलीत ३५ अंश. नाकातून बाहेर पडणारी हवाही जवळपास तेवढीच गरम असते. चैत्र-वैशाखातल्या सांगलीत दुपारी श्वास आणि खोली यांच्यात फरकच उरत नाही, तर थर्मिस्टर बिचारा काय सांगणार. पंखा लावला तर वेगळाच गोंधळ. उन्हाळा संपेपर्यंत श्वासाचे मोजमाप सकाळी दहाच्या आत उरकायचे असे ठरवले.

८ मे, गुरुवार

समितीची परवानगी एप्रिलअखेरीस मिळाली आणि आज क्ष-किरण कक्षात पहिली जोडचाचणी झाली. ज्या रुग्णांची बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारा द्रव) पाजून चलत्-क्ष-किरण तपासणी डॉक्टरांनी आधीच ठरवलेली आहे, त्यांनाच संमतीने आमचा पट्टा बांधायचा. आमच्यासाठी कोणालाही जादा किरण द्यायचे नाहीत. रबरी पिशवीचा इथे फायदा झाला, कारण पितळी चकतीची काळी सावली नेमकी पाहायच्या जागेवर पडली असती.

क्ष-किरणांचे चित्रण सेकंदाला ३० चौकटींचे, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. दोन्ही नोंदींचा आरंभ जुळवायला लांब लाकडी काठीच्या टोकाला खिळा बसवला आणि काठीने पिशवीला हलकी टिचकी मारली: चित्रात खिळा टेकलेला दिसतो, आलेखात दाबाचे टोक दिसते. हात किरणांच्या बाहेर राहतो. सगळे जुळले, पण आलेखातली प्रत्येक घटना, खुद्द टिचकीसकट, चित्रापेक्षा साडेतीन-चार चौकटी उशिरा येत होती. रात्री साडेअकराला विद्यार्थ्याने फोन करून चूक कबूल केली. रेषा गुळगुळीत दिसावी म्हणून त्याने मागच्या २५ वाचनांची सरासरी घेतली होती. अशा सरासरीने १२ वाचनांचा, म्हणजे १२० मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि ते होतात ३३ च्या साडेतीन-चार चौकटी. मूळ वाचने जपून ठेवलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंना सारखी सरासरी घेऊन उशीर काढून टाकता आला. मूळ वाचने कधीही पुसायची नाहीत हा नियम तिघांनी पुन्हा एकदा उच्चारला.

२७ मे, मंगळवार

पाऊस वेळेआधीच आला आहे. मिरजेच्या रस्त्यावर एक तास अडकलो, तरी तपासणी झाली.

आजचे रुग्ण तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय सत्तरीच्या पुढे, अर्धांगाला पाच महिने झालेले. सून सोबत होती. "भाकरी दुधात कुस्करून दिली तर जातीया, पाण्यानंच घात हुतोय, म्हणून आम्ही पाणीच कमी केलंय," असे तिने सांगितले. घरच्यांना हा क्रम उलटा वाटतो, कारण पाणी सगळ्यांत सोपे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाणी वेगाने धावते आणि उशिरा चढणाऱ्या घाटीला ते गाठते. पाणी तोडल्याने दुसरे आजार होतात हे मॅडमनी तिला समजावून सांगितले.

आमच्या पट्ट्यावरची रेषा पहिल्या घोटापासून चांगली दिसत होती. चारही क्षण निरोगी माणसांच्या आलेखांत सहज मिसळून जावेत असे. विद्यार्थिनीने हळूच "नॉर्मल आहे" असे म्हटले. त्याच क्षणी पडद्यावर बेरियमची बारीक काळी रेघ स्वरयंत्रातून श्वासनलिकेत उतरताना आम्ही सर्वांनी पाहिली. आजोबांना ठसका लागला नाही. ते शांतपणे पुढच्या घोटाची वाट पाहत बसले होते. चित्रण पुन्हा पाहिल्यावर कळले की घाटी वेळेवर चढली होती, पण स्वररज्जू पूर्ण मिटले नव्हते, आणि गळ्याच्या कातडीवर ठेवलेल्या पिशवीला त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

१२ जून, गुरुवार

मॅडमसोबत दोन तास चर्चा झाली. तालुक्याच्या ठिकाणी क्ष-किरणाची ही सोय नसते, म्हणून आमचा पट्टा तिथे चाळणी-तपासणीसाठी वापरता येईल असे प्रस्तावात मी जानेवारीत लिहिले होते. तो परिच्छेद आज खोडला. २७ मेच्या आजोबांना या पट्ट्याने 'सुरक्षित' ठरवले असते, आणि त्यांच्या घरच्यांनी निश्चिंतपणे तांब्याभर पाणी पाजले असते. ज्या उपकरणाचे 'ठीक आहे' चुकीचे असू शकते ते उपकरण एकट्याने कोणाच्या हाती देता येत नाही, मग ते इतर शंभर जणांत बरोबर असो.

उरते ते जानेवारीतले पहिले वाक्य. निदान क्ष-किरणाने किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीने झाल्यावर, व्यायाम ठरल्यावर, तो रुग्ण रोज काय करतो आणि महिन्याभरात त्याच्या वेळा बदलल्या का, हे पट्टा सांगू शकतो. व्यायामाच्या वेळी पडद्यावर रेषा दाखवण्याचा प्रयोग मॅडमनी तीन रुग्णांवर सुरू केला आहे. त्यांपैकी एक मावशी, ज्यांना 'घाटी वर धरून ठेवा' हे तीन आठवडे समजतच नव्हते, त्यांनी रेषा पाहून दुसऱ्याच प्रयत्नात ती दीड सेकंद वर धरली, आणि "असं व्हय, मग आधी सांगायचं न्हाई" असे मॅडमनाच सुनावले.

विद्यार्थ्यांना अहवालाचे शीर्षक बदलायला सांगितले आहे. 'तपासणी' हा शब्द काढून 'व्यायाम-सहायक' असे घालायचे. त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी दिसली. परीक्षेत निदानाचे यंत्र अधिक शोभले असते हे मलाही मान्य आहे.

१९ जून, गुरुवार

पट्ट्याच्या पिशवीला रात्रभरात दाब उतरण्याची सवय लागली आहे. नळीच्या जोडावर बारीक गळती असावी. साबणाच्या पाण्यात बुडवून पाहायचे. पावसाळी दमटपणाने पाटीवरील जोड हिरवट पडू लागले आहेत, त्यांना लाखेचा हात द्यायचा. पडद्यावरची अक्षरे आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत, म्हणून आकडे काढून फक्त जाड रेषा आणि खाली 'धरा' व 'सोडा' हे दोन शब्द ठेवायचे. सोमवारी सकाळी नऊला मिरज.